रद्दीवाल्याला या रविवारी परत पाठवा

ताई, नमस्कार.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, मिरजेला असतो. अकरावीत असताना एका भाड्याच्या लायब्ररीतून 'सडन' या काउबॉयचं एक पुस्तक आणलं आणि काउबॉयच्या गोष्टींचा नाद लागला तो कायमचा. माझं इंग्रजी त्याच पुस्तकांनी घडवलं. पुढे लुई लामूर, झेन ग्रे, जे. टी. एडसन, मिळेल ते वाचलं. जॉन वेनचे, क्लिंट ईस्टवुडचे सिनेमे किती वेळा पाहिले याला गणती नाही. दिवाळीत लेक घरी आली होती. पुण्यात इतिहासात एम. ए. करते. हौसेनं तिला 'द सर्चर्स' हा जॉन वेनचा सिनेमा दाखवायला बसवलं. त्यात कोमँची या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीतल्या एका बाईला लाथ मारून उतारावरून गडगडवतात, तिथं ती उठली. म्हणाली, "बाबा, जमीन त्यांची, मेली तीच माणसं, आणि हसायचं पण त्यांनाच?" मी म्हणालो, त्या काळी तसंच होतं. ती काही न बोलता आत निघून गेली. 'शोले' मात्र तिला चालतो, तो यांच्यावरूनच घेतलेला असून! ती पुण्याला गेल्यावर मी सगळी पुस्तकं पोत्यात भरली. बायको म्हणते, कशाला डोक्यात राख घालून घेताय. रविवारी रद्दीवाला येतो. आयुष्यभर चुकीच्याच गोष्टींवर जीव लावला का मी? आणि लेकीला आता काय सांगू?

– एक वाचक, मिरज

*

नमस्कार दादा,

वहिनींचं ऐका. पोतं उघडा आणि पुस्तकं परत फळीवर लावा. रविवारी रद्दीवाल्याला वर्तमानपत्रं द्या.

तुमची लेक चिडली ते रास्त आहे, आणि तुमचा जीव जडला तोही खोटा नाही. या दोन्ही गोष्टी एका घरात सुखानं नांदू शकतात. त्यासाठी तुम्हाला एक वाक्य मात्र मागे घ्यावं लागेल: "त्या काळी तसंच होतं." ती आत गेली ती सिनेमामुळे नाही, या वाक्यामुळे गेली. इतिहास शिकणाऱ्या मुलीला हे वाक्य सांगून भागत नाही, कारण ते खरंच नाही. हेलन हंट जॅक्सन या अमेरिकन बाईंनी, मूळ रहिवाशांशी केलेले करार सरकारनं कसे एकामागून एक मोडले, याचं सविस्तर पुस्तक 1881 मध्ये छापलं होतं. 1881, म्हणजे गुरांचे कळप अजून टेक्सासहून उत्तरेला चालत होते तेव्हा! त्या काळीही लोकांना कळत होतं, बोलणारे बोलत होते. ऐकणारे कमी होते, एवढंच.

आता 'द सर्चर्स'बद्दल. तुमची लेक ज्या जागी उठली ती जागा त्या सिनेमातली सगळ्यात वाईट जागा आहे, यात मला शंका नाही. मार्टिन नावाचा तरुण घोंगड्यांचा सौदा करायला जातो आणि नकळत एक कोमँची बायको पदरात पाडून घेतो. ती मुकाट त्याच्या मागून येते, त्याच्या शेजारी आडवी होते, आणि तो तिला लाथ मारून उतारावरून लोटून देतो. हे सगळं हसवण्यासाठी आहे. 1956 मध्ये लोक हसले असतील, आज हसू येत नाही आणि येऊ नये. पण दादा, ती उठून गेली म्हणून पुढचं तिनं पाहिलं नाही. थोड्याच वेळानं मार्टिन आणि ईथन, म्हणजे जॉन वेन, बर्फातून जाताना एका जळालेल्या वस्तीपाशी येतात. घोडदळानं छापा घालून माणसं कापलेली आहेत, आणि एका तंबूत तीच बाई मरून पडली आहे. हिनं यांचं काय वाकडं केलं होतं, असं मार्टिन विचारतो. ज्या बाईवर आत्ताच आपल्याला हसायला लावलं, तिचं प्रेत जॉन फोर्ड आपल्यापुढे ठेवतो. आधीचं हसू त्यानं माफ होतं असं माझं म्हणणं नाही. पण हा दिग्दर्शक त्या प्रश्नापासून पळाला नव्हता, हे लेकीला दिसायला हवं.

आणि तुम्हीही तो सिनेमा नव्यानं पाहा. इतक्या वेळा पाहिलात म्हणता, तर एकदा फक्त ईथनच्या चेहऱ्याकडे बघत पाहा. पुतणीला कोमँचींनी पळवलं म्हणून तो वर्षानुवर्षं तिला शोधत फिरतो. पण अर्ध्यावर आपल्या लक्षात येतं की ती सापडली तर हा तिला घरी आणणार नाही, मारून टाकणार आहे. कारण त्याच्या लेखी ती बाटली. पुरलेल्या कोमँचीचे डोळे तो गोळीनं फोडतो, का, तर त्यांच्या श्रद्धेप्रमाणे त्याचा आत्मा भटकत राहावा. छावणीत सोडवून आणलेल्या बायकांकडे तो वळून बघतो आणि कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ जातो, तेव्हा त्या नजरेत दया नावाला नाही. जॉन वेनला नायक म्हणून पाहायची आपल्याला इतकी सवय झालेली असते की हा माणूस आजारी आहे, द्वेषानं आजारी आहे, हे आपण बघतच नाही. फोर्डनं ते लपवलेलं नाही. शेवटी सगळे घरात जातात, ईथन एकटा दाराबाहेर उरतो आणि दार बंद होतं. त्याला आत जागाच नाही.

लेकीला आणखी एक गोष्ट सांगा, ती इतिहासाची आहे म्हणून तिला पटेल. ॲलन लेमेच्या ज्या कादंबरीवरून हा सिनेमा निघाला, तिच्यामागे सिंथिया ॲन पार्कर या मुलीची खरी हकीकत आहे असं मानतात. 1836 मध्ये टेक्सासातल्या पार्कर गढीवरून नऊ वर्षांच्या आसपासच्या सिंथियाला कोमँचींनी उचलून नेलं. ती त्यांच्यातच वाढली, त्यांच्या एका नायकाशी तिचं लग्न झालं, तिला तीन मुलं झाली. 1860 च्या डिसेंबरात टेक्सास रेंजर या तिथल्या सशस्त्र दलानं तिला 'सोडवून' आणलं, कडेवरच्या तान्ह्या मुलीसकट. तिला परत यायचंच नव्हतं. ती पळून जायचा प्रयत्न करत राहिली, ती मुलगीही गेली, आणि सिंथिया गोऱ्या नातेवाइकांच्या घरात झुरून मेली. तिचा थोरला मुलगा क्वाना पुढे कोमँचींचा मोठा पुढारी झाला. 1875 मध्ये शरण जाणाऱ्या शेवटच्या टोळ्यांत त्याची टोळी होती. सिनेमात सुटका म्हणून जे दिसतं, ते खऱ्या आयुष्यात त्या बाईचं दुसरं अपहरण होतं. बापलेकीनं बोलायला सुरुवात करायची तर इथून करा. "तुझं बरोबर होतं, पण ही खरी गोष्ट वाच," एवढं म्हणा आणि थांबा. पुढचं ती बोलेल.

या विषयावर मराठीत वाचायला मिळेल असं एक फार मोलाचं पुस्तक आहे आणि ते वहिनींनीही वाचावं. जी. ए. कुलकर्णींनी कॉन्रॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. 'रान', 'शिवार' आणि 'गाव' ही त्रयी बऱ्याच जणांना ठाऊक असते. जंगल तोडून वस्ती कशी उभी राहते, आणि वस्ती उभी राहताना काय कायमचं जातं, हे ज्या बाईच्या आयुष्यातून त्यात दिसतं ती सेयर्ड एकदा भेटली की विसरत नाही. पण तुमच्या भांडणासाठी मी 'रानातील प्रकाश' सुचवेन. लेनापे या मूळ रहिवाशांत वाढलेल्या एका गोऱ्या मुलाला करारानुसार त्याच्या जन्मदात्यांकडे परत पाठवतात. तो पंधरा वर्षांचा आहे, चार वर्षांचा असताना पळवला गेला होता. गोऱ्यांचे बूट, बंद खोल्या, गादी, सगळ्याचा त्याला वीट येतो. तो पळून परत जातो. मग नदीवर गोऱ्यांच्या नावेला फसवून काठाशी आणायचं काम त्याच्यावर येतं, आणि नावेत एक लहान मूल दिसल्यावर त्याला आपला धाकटा भाऊ आठवतो आणि तो त्यांना सावध करतो. इकडच्या बापाला तो सोडून आलेलाच, तिकडचाही बाप त्याला सोडून देतो. पोरगा मध्ये उभा राहतो, दोन्हीकडचा रस्ता बंद. तुमच्या लेकीचा प्रश्न जी. एं.सारख्या माणसालाही याच रानात घेऊन गेला असावा असं मला वाटतं. मिरज-सांगलीच्या जुन्या वाचनालयांत चौकशी करा.

'शोले'चं तुमचं उत्तर मात्र मला पटलं नाही, दादा. 'शोले'नं वेस्टर्नकडून, म्हणजे या काउबॉयच्या सिनेमांकडून, पुष्कळ घेतलं हे खरं. ठाकूरच्या घरातलं हत्याकांड सर्जिओ लिओनेच्या 1968 सालच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधून जवळजवळ जसंच्या तसं आलेलं आहे: शेवटी उरलेलं लहान मूल, समोर बंदूक, आणि गोळीच्या आवाजात मिसळणारा आगगाडीचा आवाज. भाड्यानं आणलेले बंदूकवाले गाव वाचवतात हेही तिकडचंच. पण रामगडमध्ये कोणाची जमीन कोणी हिसकावलेली नाही. तिथं डाकू आहेत आणि गाव आहे. लेकीनं विचारलेला जमिनीचा प्रश्नच त्यात उद्भवत नाही, म्हणून ती निवांत पाहू शकते. तिच्यात विसंगती नाही. हा मुद्दा पुन्हा काढू नका.

जमिनीवरून आठवलं. तुम्ही पाटबंधाऱ्यातले. तुम्ही 'शेन' वाचलं किंवा पाहिलं असणारच. जॅक शेफरची कादंबरी 1949 ची, सिनेमा 1953 चा. वायोमिंगमध्ये कुंपण घालून शेती करणारे एका बाजूला आणि मोकळ्या कुरणावर गुरं सोडणारा बडा मालक दुसऱ्या बाजूला. त्या शेतकऱ्यांना जमीन मिळाली होती 1862 च्या कायद्यानं, प्रत्येकी 160 एकर. पूर्वेकडे, जिथं पाऊस बरा पडतो, तिथं 160 एकरांत कुटुंब सुखानं जगतं. कोरड्या पश्चिमेत तेवढ्या जमिनीत पाण्याशिवाय काही पिकत नाही, आणि पाणी ज्याच्या हातात तो सगळ्या खोऱ्याचा मालक. जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञानं 1878 मध्ये सरकारला अहवाल देऊन नेमकं हेच सांगितलं: कोरड्या मुलखात जमिनीचं वाटप पाण्याच्या हिशोबानं करा, ओलिताची असेल तर 80 एकर पुरे, चराईची असेल तर 2560 एकर लागेल. त्याचं कोणी ऐकलं नाही. तुमच्या फळीवरच्या निम्म्या पुस्तकांतल्या बंदुका या न ऐकण्यातून निघाल्या आहेत. हे तुम्ही लेकीला जितकं चांगलं समजावून सांगाल तितकं तिचे प्राध्यापकही सांगू शकणार नाहीत. कालव्याच्या पाळीवरून माणसं कशी एकमेकांच्या अंगावर धावतात ते तुम्ही नोकरीत पाहिलेलं आहे. हा तुमचा आणि तिचा सामाईक विषय आहे, आणि तो इतकी वर्षं घरात पडून आहे!

आता फळीवर काय ठेवायचं ते. स्पष्टच सांगते. ज्या पुस्तकांत मूळ रहिवासी फक्त घोड्यावरून पडण्यासाठी येतात, ती वेगळी काढा. जाळू नका, विकू नका, पण लेकीच्या हातात ती देऊन "बघ किती छान" म्हणू नका. 'सडन' ठेवा. ऑलिव्हर स्ट्रेंजनं ती इंग्लंडात बसून लिहिली, त्यातला पश्चिम कल्पनेतला आहे. पण मानलेल्या बापाला फसवणाऱ्या दोन माणसांच्या शोधात फिरणारा, आणि वाटेत दुसऱ्यांवरचे अन्याय निस्तरत जाणारा तो जेम्स ग्रीन मिरजेतल्या अकरावीच्या मुलाला का आवडला, हे मला पुरतं कळतं. एकटा माणूस, थोडं बोलणारा, दिलेला शब्द पाळणारा. त्या वयात असा माणूस भेटणं ही चांगलीच गोष्ट होती. त्याची लाज वाटून घेण्याचं काही कारण नाही.

त्याच फळीवर लॅरी मॅकमर्ट्रीची 'लोनसम डव्ह' नसेल तर आधी ती आणा. 1985 ची कादंबरी, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. आठशेहून जास्त पानं आहेत, पण तुम्हाला पानांची भीती नाही. गस आणि कॉल हे दोन म्हातारे होत चाललेले माजी रेंजर टेक्सासहून मोंटानापर्यंत गुरं नेतात. त्यांच्या मैत्रीवर चार्ल्स गुडनाइट आणि ऑलिव्हर लव्हिंग या गुरं नेणाऱ्या खऱ्या जोडीची दाट सावली आहे. 1867 मध्ये कोमँचींच्या हल्ल्यात जखमी होऊन लव्हिंग न्यू मेक्सिकोत वारला, आणि शब्द दिला होता म्हणून गुडनाइटनं त्याचा देह टेक्सासला पोचवला. गुडनाइटबरोबर बोझ आयकार्ड नावाचा काळा काउबॉय होता, गुलामीत जन्मलेला. कादंबरीतला डीट्स त्याच्यावरून घेतलेला आहे. काउबॉयांत दर चारांतला एक काळा असावा असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आणि दोर फेकून जनावर धरणं, खोगिराची घडण, हे सगळं मुळात मेक्सिकन व्हाकेरोंचं, म्हणजे तिकडच्या गुराख्यांचं. तुमच्या-माझ्या लहानपणीच्या पडद्यावर यातलं कितीसं आलं?

डीट्सचा मृत्यू लेकीला वाचून दाखवा. उपाशी मरणाऱ्या काही मूळ रहिवाशांनी कळपातले घोडे खाण्यासाठी पळवलेले असतात. रानगवे संपलेत, त्यांना दुसरं अन्नच नाही. कॉल आणि गस त्यांना गाठतात, हवेत गोळ्या झाडतात, लोक पळतात, आणि एक आंधळं मूल मागे राहतं. डीट्स त्याला परत द्यायला म्हणून उचलून घेतो. समोरून एक पोरसवदा मुलगा भाला घेऊन येतो. त्याला वाटतं, हा आमचं मूल नेतोय. डीट्सला वाटतं, हा थांबेल. तो थांबत नाही. इथं कोणी दुष्ट नाही, सगळे भुकेले आणि घाबरलेले आहेत, आणि चांगला माणूस मरतो. नंतर कॉल एका फळीवर त्याच्यासाठी मजकूर कोरतो. खऱ्या गुडनाइटनं आयकार्डच्या थडग्यावर जे लिहवून घेतलं, त्याच्याशी तो जुळता आहे. ही वेस्टर्नच आहे, तुमच्या आवडीची. फक्त तिला तुमच्या लेकीचा प्रश्न ठाऊक आहे.

याच्या शेजारी जेम्स वेल्शची 'फूल्स क्रो' ठेवा, 1986 ची. वेल्श स्वतः ब्लॅकफीट या मूळ रहिवाशांच्या वंशाचा. तीच मोंटाना, जिकडे गस आणि कॉल निघालेत, पण आधीची, आणि आतून पाहिलेली. यातला नायक आपल्या लोकांत वाढतो, लग्न करतो, देवीची साथ येऊन वस्त्या ओस पडताना पाहतो, आणि शेवटी 23 जानेवारी 1870 च्या मारायस नदीवरच्या हत्याकांडापाशी येऊन पोचतो. घोडदळाला दुसऱ्याच टोळीवर जायचं होतं. त्यांनी हेवी रनर या पुढाऱ्याच्या शांत वस्तीवर पहाटे गोळीबार केला. मेले त्यांत बहुतेक बायका, मुलं, म्हातारे, आजारी. सुरुवातीची पानं जड जातील, कारण तिथलं जग आपल्याला कोणी समजावून देत नाही. नेटानं वाचा. हे पुस्तक तुम्ही लेकीच्या आधी वाचलंत तर तिला किती आनंद होईल, याची तुम्हाला कल्पना नाही.

ईस्टवुडचं म्हणाल तर 'अन्फर्गिव्हन' एवढा एकच नाव घेऊन सांगते. माणूस मारणं म्हणजे काय, हे त्यानं 1992 मध्ये, स्वतःचे आधीचे सगळे सिनेमे समोर ठेवून, सांगितलं. लिओनेचे सिनेमे संगीतासाठी आणि चेहऱ्यांसाठी खुशाल पाहत राहा. ते बहुतेक स्पेनमध्ये उभे केलेले आहेत आणि अमेरिकेचा इतिहास सांगायचा त्यांचा दावाही नाही.

राहिलं लेकीशी बोलणं. फोनवर स्पष्टीकरण देऊ नका, ते लांबत जातं आणि शेवटी दोघंही दमता. तिला एवढंच कळवा की तुम्ही पुन्हा पाहिलात, ती म्हणाली ते तुम्हाला दिसलं, आणि सुट्टीत ती आली की एक सिनेमा तुम्ही निवडाल, एक ती निवडेल. तिनं निवडलेला शेवटपर्यंत पाहा, मध्ये बोलू नका. तुमच्या पाळीला 'द सर्चर्स' लगेच परत लावू नका. 'ट्रू ग्रिट' लावा, कोएन बंधूंचा, 2010 चा. जॉन वेनला ऑस्कर मिळालं तो 1969 चा तुम्हाला जास्त जवळचा असणार, पण त्यात वेन सगळा पडदा व्यापतो. नव्यात गोष्ट चार्ल्स पोर्टिसच्या कादंबरीसारखी मॅटी रॉसच्याच तोंडून येते. चौदा वर्षांची ही मुलगी बापाच्या खुन्याला फासावर चढवायला निघते, घोड्यांच्या व्यापाऱ्याशी भाव करून त्याला घाम फोडते, आणि पिऊन पडणाऱ्या मार्शलला कामाला लावते. थोडंही हसत नाही, कोणाची भीड ठेवत नाही, आणि हिशोबात एक सेंट सोडत नाही. तुमच्या लेकीला ती आवडेल. तुम्हाला तर ती ओळखीचीच वाटेल.